घट फोडून आकाश राखणें

घटाकाशाचा दृष्टांत आपल्याकडील वाचकांस नवा नाहीं. मातीच्या घटांत जी पोकळी असते तिला आपण त्या घटाची पोकळी म्हणतों. परंतु घट फुटला म्हणजे ती पोकळी कोठें निघून जात नाहीं. ती पूर्वींहि बाहेरच्या अफाट आकाशाशीं एकरूपच होती, मध्यें केवळ मातीची एक भिंत होती, इतकेंच त्या वेळीं कळून येतें. घट फुटल्यावर त्याचें म्हणून कांहीं निराळें आकाश मागें उरत नाहीं, ह्या गोष्टीवर वेदांत्यांच्या ह्या दृष्टांताचा सारा भर आहे. पण मनुष्याच्या हस्तकौशल्यानें हा दृष्टांत उलटा करून दाखविला आहे. शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासकांत एक कला सुमारें पांचशें वर्षें चालत आली आहे. तींत घट बुद्ध्याच नाहींसा करतात आणि त्यांतील आकाश तेवढें जतन करून ठेवतात. ह्या कलेची थोडीशी ओळख करून देऊन तिच्यांतून उद्भवणाऱ्या एका नैतिक प्रश्नाचा विचार करावा, असा ह्या लेखाचा उद्देश आहे.

ज्या वस्तूविषयीं हें लिहीत आहों ती प्रथम वाचकांच्या डोळ्यांपुढें उभी केली पाहिजे. कांचेच्या एका लहानशा पेटींत तांबड्या किंवा पांढऱ्या द्रव्याची एक आकृति ठेविली आहे, अशी कल्पना करावी. तिची लांबी सुमारें दोन सेंटिमीटर. एका अंगास गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची गुंडाळी, दुसऱ्या अंगास एकमेकींशीं काटकोन करून राहिलेल्या तीन नाजूक कमानी, आणि दोहोंच्या मध्यें एक फुगीर भाग. एखाद्या कुशल सोनारानें घडविलेला दागिना असावा, असें प्रथमदर्शनीं वाटतें. वास्तविक तो मनुष्याच्या अंतर्कर्णाचा ठसा आहे. गुंडाळी ही ऐकण्याच्या इंद्रियाची जागा, आणि कमानी ह्या शरीराचा तोल जाणणाऱ्या इंद्रियाची. शेजारच्या पेटींत वेडेवांकडे, खांचाखोंचांचे, कांहीं ठिकाणीं द्राक्षांच्या घडासारखे दिसणारे गोळे असतात. नाकाभोंवतींच्या हाडांत जीं वायुविवरें असतात आणि ज्यांस आतां घरोघर सायनस ह्या इंग्रजी नांवानेंच ओळखतात, त्यांचे ते ठसे होत. ह्या दोन्ही वस्तूंत एक चमत्कारिक गोष्ट समान आहे. त्यांपैकीं कोणतीहि शरीराचा भाग कधींच नव्हती. तींत हाड नाहीं, मांस नाहीं, रक्ताचा थेंब नाहीं. शरीरांत जेथें हाड नव्हतें, नेमकी तेवढी जागा तिनें भरलेली आहे.

हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर ह्या पोकळ्यांच्या स्थानांतच आहे. शंखास्थीचा जो भाग अंतर्कर्णाला पोटांत घेऊन बसतो तो शरीरांतील अत्यंत कठीण हाडांपैकीं एक. युरोपीय वैद्यांनीं त्यास दिलेलें नांवच मुळीं पाषाणवाचक आहे. इटलींतील फालोपियो ह्या पंडितानें १५६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ह्या पोकळीला भूलभुलय्या अशा अर्थाचें नांव दिलें, आणि तें अद्यापि चालू आहे. हें हाड करवतीनें कापलें तर एका वेळीं एकच काप दिसतो. त्या कापांत दोन छिद्रें आणि एक खांच ह्यांपलीकडे कांहीं समजत नाहीं. भुंग्यानें कोरलेल्या लाकडाचे काप एकापुढें एक मांडून त्याची वाट मनांत उभी करणें जितकें कठीण, तितकेंच हें काम कठीण आहे. नाकाच्या विवरांची गोष्टहि अशीच. गालाच्या हाडांतील विवर प्रौढ मनुष्यांत सुमारें १५ मिलिलिटर, म्हणजे मोठा चमचाभर पाणी मावेल एवढें असतें. त्याची वरची भिंत हीच डोळ्याच्या खोबणीची जमीन, आणि खालची भिंत दाढांच्या मुळांस भिडलेली. नाकाच्या मुळापाशीं जे लहान लहान कप्पे असतात त्यांच्या आणि डोळ्याच्या मध्यें कागदासारखा पातळ पडदा असतो. कानांतील हाडांतून चेहऱ्याचे स्नायु हालविणारा मज्जातंतु जातो. शस्त्रवैद्याचें हत्यार तेथें केसभर चुकलें तर रोग्याचा अर्धा चेहरा जन्माचा लुळा पडतो. अशा जागीं ज्यास उद्यां हत्यार चालवावयाचें आहे, त्यानें आज त्या पोकळीचा आकार सर्व बाजूंनीं, हातांत फिरवून पाहिलेला असावा, ही अपेक्षा कोणासहि अवास्तव वाटणार नाहीं.

ह्या कलेचा उगम पुष्कळ मागें आहे. लिओनार्दो द विंची ह्यानें सोळाव्या शतकाच्या आरंभीं बैलाच्या मेंदूंतील पोकळ्यांत पिचकारीनें वितळलेलें मेण भरलें, मेण थिजल्यावर भोंवतालचा मेंदु काढून टाकला, आणि त्या पोकळ्यांचा खरा आकार प्रथम पाहिला. ह्या युक्तीला शास्त्राची प्रतिष्ठा मात्र एकोणिसाव्या शतकांत मिळाली, आणि ती मिळवून देणाऱ्यांत योझेफ हिर्टल ह्याचें नांव अग्रगण्य आहे. हिर्टल १८१० सालीं जन्मला, १८४५ पासून व्हिएन्ना येथें शरीररचनाशास्त्राचा अध्यापक होता, आणि १८९४ सालीं वारला. १८४५ सालींच त्यानें मनुष्य व इतर सस्तन प्राणी ह्यांच्या अंतर्कर्णांचा तुलनात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. १८४८ सालच्या बंडाळींत त्याचें घर जळालें आणि संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला, तरी त्यानें पुनः आरंभ केला, आणि १८७३ सालीं ठसे घेण्याच्या ह्या विद्येवर एक भव्य ग्रंथ लिहिला. पुढें बाझेल येथील झीबेनमान ह्यानें १८९० सालीं केवळ मनुष्याच्या अंतर्कर्णाच्या ठशांवर स्वतंत्र ग्रंथ रचिला.

कृति ऐकावयास सोपी आहे. हाड स्वच्छ व कोरडें करून त्याचीं नको तीं छिद्रें बुजवितात. आंतील हवा काढून घेतात, कारण हवेचा एक बुडबुडा राहिला तरी कमान तुटलेली निघते. मग पातळ द्रव्य आंत सोडून तें घट्ट होऊं देतात. हिर्टलच्या काळीं हें द्रव्य मेण व राळ ह्यांचें असे. १८६० च्या सुमारास वुड नांवाच्या अमेरिकन दंतवैद्यानें बिस्मथ, शिसें, कथील व कॅडमियम ह्यांचा एक मिश्रधातु शोधून काढला. तो सुमारें ७० अंश सेंटिग्रेडला, म्हणजे उकळत्या पाण्याहूनहि कमी उष्णतेंत वितळतो, म्हणून तोहि उपयोगांत आला. विसाव्या शतकांत कृत्रिम राळा आल्या. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समधील टॉम्पसेट ह्याचें ह्या विषयावरील पुस्तक १९५६ सालीं निघालें. त्यानंतर लवचीक सिलिकोन रबर आलें. द्रव्य कोणतेंहि असो, शेवटची पायरी एकच. हाडासह तो सारा गोळा आम्लांत किंवा क्षारांत बुडवून ठेवतात. दिवसामागून दिवस जातात, हाड विरघळत जातें, आणि अखेर तळाशीं ती आकृति तेवढी उरते. आपल्या सुश्रुतानेंहि प्रेत गवतानें वेष्टून, पिंजऱ्यांत घालून सात रात्रीं वाहत्या पाण्यांत ठेवावें आणि मग वाळ्याच्या किंवा वेळूच्या कुंचल्यानें हळूहळू घांसून एकेक थर पाहावा, असें सांगितलें आहे. झिजवून पाहण्याची ही रीति तत्त्वतः फार दूरची नव्हे. मात्र सुश्रुताला जें आहे तें पाहावयाचें होतें, आणि हिर्टलला जें नाहीं त्याचा आकार पाहावयाचा होता.

येथवर झालें तें वर्णन. आतां प्रश्न असा कीं, एका मनुष्याच्या देहाचा अंश अशा रीतीनें विरघळवून टाकून त्याच्या पोकळीचा ठसा शिकविण्याच्या फडताळांत मांडणें, ह्यांत नीतीच्या दृष्टीनें विचार करण्यासारखें कांहीं आहे काय?

पुष्कळांस प्रथम खटकतो तो नाश. हाड आम्लांत विरघळविणें ही त्यांस विटंबना वाटते. आमच्या मतें ही अडचण टिकणारी नाहीं. जे आपण आपल्या प्रियतम माणसाच्या देहास स्वतःच्या हातानें अग्नि देतों आणि उरलेल्या अस्थि नदींत सोडतों, त्या आपणांस देहाचा नाश हीच विटंबना, असें म्हणतां येणार नाहीं. नाश हा तर आपल्या अंत्यविधीचा हेतूच आहे. नीट पाहिलें असतां आपल्या परंपरेस जें अपरिचित आहे तें नाश करणें नव्हे, तर मागें कांहींतरी राखून ठेवणें होय. म्हणून प्रश्न असा मांडला पाहिजे: जें राखून ठेविलें तें कोणाचें, आणि तें राखण्याचा अधिकार राखणारास कोठून आला?

ह्यावर एक तयार उत्तर आहे, आणि तें वरवर पाहतां बिनतोड दिसतें. ठशाचा समर्थक म्हणेल: "सांगाडा ठेवला तर तुम्ही म्हणूं शकाल कीं तो अमक्याचा सांगाडा आहे. कवटी ठेवली तरी तेंच. पण ठशांत त्या मनुष्याचा एक कणहि नाहीं. द्रव्य बाजारांतून विकत आणलेलें, त्या मनुष्याचें जें जें होतें तें सारें आम्लाबरोबर मोरींत गेलेलें. उरली ती निव्वळ पोकळी. पोकळीला मालक कसला, आणि तिची विटंबना कसली?" हें उत्तर ज्यांनीं दिलें असेल त्यांनीं प्रामाणिकपणेंच दिलें असेल. परंतु तें एका गृहीतावर उभें आहे: कोणतीहि वस्तु तिच्या द्रव्यामुळें 'ती' असते, हें तें गृहीत होय. तर्कशास्त्राच्या ज्या वर्गांत आमचें बहुतेक आयुष्य गेलें तेथें ह्या गृहीताची परीक्षा दरवर्षीं होते. गोदावरीचें पाणी क्षणोक्षणीं बदलतें, तरी ती गोदावरीच राहते. जिवंत देहांतील द्रव्यहि अन्नपाण्याबरोबर येत जात असतें. दहा वर्षांपूर्वींचा मनुष्य आज तोच आहे असें आपण म्हणतों तें त्याच्यांतील तेच अणु कायम राहिले म्हणून नव्हे. द्रव्य वाहून जातें आणि आकार राहतो. ओळख राहते ती आकाराच्या आणि त्याच्या इतिहासाच्या आधारानें.

हें तत्त्व एकदां पटलें म्हणजे ठशाचा प्रश्न अगदीं निराळा दिसूं लागतो. कपाळाच्या हाडांतील विवर घ्या. जन्मतः तें जवळजवळ नसतेंच. बालपणीं त्याची हाडांत वाढ सुरू होते, आणि वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास तें पूर्ण होतें. कांहीं माणसांत तें मुळींच होत नाहीं. उजवें आणि डावें सारखें नसतें; त्याच्या कडेच्या खांचा व वळणें प्रत्येकाचीं वेगळीं असतात, इतकीं कीं दिसावयास हुबेहूब सारख्या असलेल्या जुळ्या भावंडांतहि तीं जुळत नाहींत. १९२७ सालीं कल्बर्ट व लॉ ह्या दोन अमेरिकन डॉक्टरांनीं नाकाच्या विवरांचीं व कानामागील हाडाचीं क्ष-किरणचित्रें जुन्या चित्रांशीं ताडून एका मृत इसमाची ओळख पटविल्याचें प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून न्यायवैद्यकांत ह्या विवरास अंगठ्याच्या ठशासारखें महत्त्व आहे. अंतर्कर्णाची गोष्ट ह्याच्या उलट, पण तितकीच बोलकी. तो गर्भाच्या पांचव्या-सहाव्या महिन्यांतच आपल्या पूर्ण मापाचा होतो आणि पुढें आयुष्यभर वाढत नाहीं. ज्या गुंडाळींत त्या मनुष्यानें आईचा आवाज प्रथम ऐकला त्याच मापाच्या गुंडाळींत त्यानें शेवटचा शब्द ऐकला.

तेव्हां ज्याला आपण 'निव्वळ पोकळी' म्हणालों ती वास्तविक कोणाची तरी, आणि केवळ त्याचीच, पोकळी आहे. नांव पुसलें, चेहरा गेला, हाडहि गेलें. पण जी आकृति उरली तिच्यावरून, तुलनेस एखादें जुनें चित्र मिळालें तर, आजहि न्यायालयांत त्या मनुष्याची ओळख पटवितां येईल. वेदांत्यांचा घट फुटल्यावर त्याच्या आकाशास नांव उरत नाहीं. येथें घट नाहींसा झाला, पण आकाशाचें नांव मात्र राहिलें, आणि तें वाचणारा कोणी नाहीं एवढेंच. पाँपेईची गोष्ट येथें आठवते. ज्वालामुखीच्या राखेंत पुरून गेलेल्या माणसांचे देह कुजून राखेंत पोकळ्या राहिल्या होत्या. १८६३ सालीं फिओरेल्ली ह्यानें त्यांत पातळ प्लास्टर ओतून ते आकार बाहेर काढले. त्या प्लास्टरांत कांहीं हाडें अडकलेलीं असतात हें खरें, पण पाहणारा स्तब्ध होतो तो हाडांमुळें नव्हे. तोंडावर हात घेतलेला मनुष्य त्या आकारांत त्याला दिसतो, म्हणून तो स्तब्ध होतो. त्या आकारांस 'हे कोणाचेच नव्हेत' असें म्हणण्याचें धैर्य कोणास होणार नाहीं. मग कानाच्या ठशास तें कां म्हणावें? तो लहान आहे आणि त्याला डोळे नाहींत, एवढ्याचसाठीं काय?

ठसा कोणाचा तरी आहे हें मान्य केलें कीं तो कोणाचा, हा प्रश्न टाळतां येत नाहीं. आणि ह्या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत मोठें उदास करणारें आहे. इंग्लंडांत १७५२ च्या कायद्यानें खुनाबद्दल फांशीं गेलेल्यांचीं प्रेतें शस्त्रवैद्यांस देण्यांत येऊं लागलीं. म्हणजे शवच्छेदन ही शिक्षेचीच एक पुरवणी झाली. तेवढीं प्रेतें पुरेनात, तेव्हां थडगीं उकरून प्रेतें विकणाऱ्यांचा धंदा फोफावला, आणि १८२८ सालीं एडिंबरा येथें बर्क व हेअर ह्या दोघांनीं १६ माणसें केवळ प्रेतांच्या किंमतीसाठीं मारल्याचें उघडकीस आलें. ह्यावर उपाय म्हणून १८३२ सालीं शरीररचनाशास्त्राचा जो कायदा झाला त्यानें खून थांबविले हें खरें. परंतु अनाथगृहांतून आणि इस्पितळांतून ज्यांस कोणी न्यावयास आलें नाहीं अशा दरिद्री लोकांचे देह वैद्यकशाळांस मिळूं लागले. पूर्वीं जो दंड खुन्यास होता तो आतां दारिद्र्यास झाला, असें त्या काळच्या गरिबांस वाटलें, आणि त्यांचें तें वाटणें अगदींच निराधार नव्हतें. आमच्याकडे १९४९ सालीं मुंबई प्रांतानें ह्याच धर्तीवर कायदा केला; बेवारस प्रेतें वैद्यक-महाविद्यालयांस देण्याची सोय त्यांत झाली. शिवाय पुष्कळ वर्षें कलकत्त्याहून मानवी सांगाडे व कवट्या परदेशांतील विद्यालयांकडे मोठ्या संख्येनें जात असत. १९८५ सालीं भारत सरकारनें ती निर्यात बंद केली. कोरडें, स्वच्छ केलेलें शंखास्थि हेंच ठशाचें कच्चें द्रव्य, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या व्यापाराचा आपल्या विषयाशीं असलेला संबंध निराळा सांगावयास नको.

हिर्टलच्या व्हिएन्नाचाच इतिहास पाहा. त्यानें जमविलेल्या १३९ कवट्या १८७४ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील म्यूटर संग्रहालयानें विकत घेतल्या, आणि त्या तेथें मांडलेल्या आहेत. कवटीच्या उंचवट्यांवरून मनुष्याची बुद्धि व नीति ठरविणारें जें थोतांड त्या काळीं माजलें होतें तें खोडून काढावें, हा त्याचा हेतु होता, आणि हेतु उत्तम होता. पुष्कळ कवट्यांवर त्यानें त्या मनुष्याचें नांव, धंदा आणि मृत्यूचें कारण लिहून ठेविलें. त्यांत फांशीं गेलेले आहेत, आत्महत्या केलेले आहेत, शिपाई आहेत, गरीब कारागीर आहेत. नांव लिहिण्याइतका तो माणुसकीचा होता. परवानगी विचारण्याची मात्र त्या काळीं चाल नव्हती. त्याच व्हिएन्नांत पुढें पेर्नकोफ ह्या अध्यापकाच्या हाताखालीं शरीररचनेचा एक अप्रतिम चित्रग्रंथ तयार झाला. शस्त्रवैद्य कित्येक दशकें त्याचा आधार घेत आले. नाझी अमलांत देहदंड दिलेल्या किमान १३७७ व्यक्तींचीं प्रेतें त्या संस्थेंत आलीं होतीं, असें विद्यापीठाच्याच चौकशींतून १९९८ सालीं निष्पन्न झालें. न विचारण्याची चाल एकदां अंगवळणीं पडली म्हणजे ती कोठवर जाते, ह्याचें ह्याहून भयंकर उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. हिर्टल आणि पेर्नकोफ ह्यांस एका मापानें मोजण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. पहिला विद्येचा निस्सीम भक्त, दुसरा एका राक्षसी राजवटीचा सेवक. पण दोघांच्या फडताळांत जें आलें तें देणाऱ्यानें दिलेलें नव्हतें, एवढें साम्य उरतेंच.

'बेवारस' ह्या शब्दाचाहि येथें विचार केला पाहिजे. वारस नाहीं तो बेवारस. मालमत्तेविषयीं ह्या शब्दाला नेमका अर्थ आहे: मालक गेला, घेणारा कोणी नाहीं, म्हणून ती सरकारजमा. परंतु मनुष्याचा देह हा त्याची मालमत्ता होता काय, कीं तो स्वतःच होता? ज्याच्या मागें रडणारें कोणी नाहीं तो जिवंतपणींच एका मोठ्या गोष्टीस मुकलेला असतो. मेल्यावर त्याच्या त्या एकटेपणाचाच अर्थ 'ह्याची संमति आहे' असा करणें, हें कायद्याला सोयीचें असेल. न्यायाला धरून आहे असें आम्हांस वाटत नाहीं. मौन म्हणजे संमति, ही म्हण ज्याला बोलतां येतें त्यालाच लागू पडते.

आतां दुसरी बाजू. कोणी डॉक्टर आम्हांस म्हणेल, "प्रोफेसरसाहेब, आपलें तत्त्वज्ञान ठीक आहे, पण माझ्यापुढें कानांत पू झालेलें, मेंदूपर्यंत विकार जाऊं पाहणारें मूल आहे. मी जर ती पोकळी नीट शिकलों नसतों तर आपला हा नाजूक विचार त्या मुलाच्या काय उपयोगी पडला असता?" ह्या प्रश्नापुढें आम्ही नम्र होतों. विद्या थांबवावी असें म्हणणें सोपें, पण त्याची किंमत देतो तो शस्त्रक्रियेच्या मेजावर पडलेला मनुष्य. आणि तोहि पुष्कळदां गरीबच असतो. म्हणून ठसे घेऊंच नयेत, जुने फोडून टाकावेत, असा आमचा पक्ष नाहीं. जी वस्तु एकदां इतकी किंमत देऊन झाली आहे ती फेंकून दिल्यानें त्या मृतास कांहीं परत मिळत नाहीं. उलट त्याच्या हातून नकळत का होईना घडलेला उपकारहि नाहींसा होतो. पण गरज आणि हक्क ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. मला अन्नाची गरज आहे ह्यावरून शेजाऱ्याच्या ताटावर माझा हक्क सिद्ध होत नाहीं. गरजेनें एवढेंच सिद्ध होतें कीं, मीं मागावयास गेलें पाहिजे.

आणि मागितलें तर मिळतें, ह्याचीं उदाहरणें आहेत. दधीचि ऋषींची कथा आपण सर्व जाणतों. वृत्राच्या वधासाठीं वज्र करावयास देवांस त्यांच्या अस्थि हव्या होत्या; देवांची गरज साऱ्या त्रैलोक्याची गरज होती, आणि तरीहि देव त्यांच्या आश्रमीं जाऊन याचना करते झाले. कथेचें मर्म पुष्कळदां दधीचींच्या दानांत शोधतात. आम्हांस तें देवांच्या याचनेंतहि तितकेंच दिसतें. इंग्लंडांत ज्या १८३२ सालीं तो कायदा झाला त्याच सालीं, त्याच उन्हाळ्यांत, तत्त्ववेत्ता जेरेमी बेंथॅम वारला. आपला देह शवच्छेदनासाठीं द्यावा असें त्यानें लिहून ठेविलें होतें, आणि तसें झालें. एकाच देशांत, एकाच ऋतूंत विद्येला देह मिळण्याचे दोन मार्ग शेजारी शेजारी दिसले: एक देणाऱ्याच्या शब्दानें, दुसरा न बोलूं शकणाऱ्याच्या मौनानें. पुढील शंभर-दीडशें वर्षें जग मुख्यतः दुसऱ्या मार्गानें चाललें. आतां हळूहळू पहिल्याकडे वळत आहे. महाराष्ट्रांतहि देहदानाचे अर्ज भरून ठेवणारीं माणसें आतां आपल्याच नात्यागोत्यांत आढळतात.

ह्यावर कोणी असें म्हणेल कीं, काळानेंच हा प्रश्न सोडविला आहे. आतां आम्लाची गरज नाहीं; जिवंत रोग्याच्या डोक्याचीं सी.टी. यंत्रानें घेतलेलीं चित्रें संगणकांत घालून त्यांतील पोकळी निराळी काढतां येते आणि छापून हातांत घेतां येते. घट अभंग राहतो आणि आकाशहि मिळतें. ही प्रगति आनंदाची आहे खरी. पण आमचा मुद्दा हाडाच्या नाशाचा नव्हताच. आकार ज्याचा त्याचाच असतो, हें जर खरें असेल, तर प्रश्न सुटला नसून जिवंतांच्या दारांत येऊन उभा राहिला आहे. पूर्वीं ठसा घेण्यास एक मनुष्य मरावा लागे, एक हाड विरघळावें लागे. घेणाराच्या हाताला त्या घेण्याचा भार तरी जाणवत असे. आतां तपासणीसाठीं दोन मिनिटें यंत्राखालीं निजलेल्या मनुष्याचा आकार त्याच्या नकळत हजार वर्गांत फिरूं शकतो, आणि घेणाराच्या हाताला कांहींच लागत नाहीं. जें घेतांना जड वाटत नाहीं त्याविषयीं विचारण्याची आठवण ठेवणें अधिकच कठीण, आणि म्हणूनच अधिक आवश्यक आहे.

तेव्हां शिकविणाऱ्यांचें कर्तव्य काय ठरतें? नव्या ठशासाठीं देणाऱ्याचा शब्द घेतलेला असावा, आणि तो कोणत्या कामापुरता घेतला तें लिहून ठेवलेलें असावें. जुन्या ठशांविषयीं जें कांहीं दप्तरांत सांपडेल तें जपावें. जेथें कांहींच सांपडत नाहीं तेथें 'न विचारतां घेतलेला' असें स्वच्छ म्हणावें, 'अज्ञात' ह्या गुळमुळीत शब्दाआड लपूं नये. अज्ञात राहणें हें त्या मनुष्याचें लक्षण नव्हे. न विचारणें हें आपलें लक्षण आहे. आपल्या देशांतील वैद्यक-महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांनीं शवास पहिला गुरु मानून शपथ घेण्याची चाल आतां रूढ होत आहे, ती स्तुत्य आहे. आमची एवढीच सूचना कीं, ती शपथ शवच्छेदनाच्या मेजापाशीं संपूं नये. फडताळांतील त्या इवल्याशा शंखाकृतीपुढेंहि विद्यार्थ्यानें क्षणभर थांबावें. गुरु ओळखूं येत नाहीं म्हणून गुरुदक्षिणा माफ होत नाहीं.

आपण मध्यमवर्गीय माणसें, आपला देह बेवारस पडण्याचा संभव आपणांस वाटत नाहीं, म्हणून हा प्रश्न परक्याचा वाटतो. परंतु आपल्या मुलाचा कान दुखला तर ज्या डॉक्टरकडे आपण विश्वासानें जातों, त्याचा हात कोणाच्या तरी पोकळीवर तयार झालेला आहे. ती देणाऱ्यास कोणीं विचारलें होतें काय, हें विचारण्याचें ऋण आपल्यावरहि आहे. आणि तें फेडण्याचा एक मार्ग असा कीं, आपल्याला कोणी विचारण्याची वाट न पाहतां आपणच आपला शब्द लिहून ठेवावा. ज्यांस बोलतां येतें त्यांनीं आधीं बोलावें. मग ज्यांस बोलतां येत नाहीं त्यांच्या मौनाचा अर्थ लावण्याची पाळी कोणावर येणार नाहीं.